रिमोल्ड मड टायर घ्यायचेत? डांबर आणि पांदी दोन्हीसाठी, कमी पैशात, काय बघून घ्यायचं

मृग निघायच्या आधी आमच्याकडच्या टायरवाल्यांकडं एकच चौकशी सुरू होते, बटणाचे रिमोल्ड आहेत का, म्हणजे जुन्या टायरवर चिखलासाठीच्या मोठ्या ठोकळ्यांची (बटणांची) नक्षी नव्यानं चढवलेले टायर. गाडी कुणाची बोलेरो, कुणाचा कॅम्पर, एखाद्याकडं जुनी जीप नाहीतर जिप्सी. आठवडाभर ती डांबरावरच पळणार, तालुक्याला, मोंढ्यात, दवाखान्यात, लग्नाला, पण शेताचा शेवटचा दीड-दोन किलोमीटर काळ्या रानातल्या पांदीतून जातो आणि एक चांगला पाऊस झाला की साध्या टायरची गाडी तिथं जागच्या जागी चाक फिरवत बसते, मग ट्रॅक्टरवाल्याला फोन. कंपनीचे नवे मड टायर घ्यायचे तर हिशेब बसत नाही, आणि रिमोल्ड साधारण निम्म्याच्या आसपास मिळतो, म्हणून लोक तिकडं वळतात. वळायला हरकत नाही. फक्त दुकानात गेल्यावर सगळे बघतात ती वरची नक्षी, केवढं मोठं बटण, केवढी खोल फट. ती तर नवीनच असते, तिच्यात बघण्यासारखं काही नाही. पैसे वसूल होणार का वाया जाणार हे ठरतं खालच्या केसिंगवर, म्हणजे टायरच्या जुन्या सांगाड्यावर.

आधी माल काय असतो ते समजून घ्या. घासलेल्या टायरचं उरलेलं रबर मशीनवर बफ मारून काढतात आणि सांगाड्यावर नवीन रबर चढवतात, ते झालं रिट्रेड, दुकानात यालाच रिमोल्ड म्हणतात. त्यात दोन पद्धती. कोल्डमध्ये नक्षी आधीच पाडून पक्का केलेला पट्टा येतो, तो कुशन गम (चिकटवायचं मऊ रबर) लावून केसिंगवर गुंडाळतात आणि चेंबरमध्ये शंभर डिग्रीच्या आसपास ठेवून चिकटवतात, ट्रक-बसला हेच जास्त चालतं. हॉटमध्ये कच्चं रबर चढवून टायर मोल्डमध्ये घालतात आणि दीडशे डिग्रीच्या आसपास शिजवतात, नक्षी तिथंच उमटते. बोलेरो-जीपच्या साइजचे बटणाचे टायर बहुतेक हॉटचेच दिसतील. याच्यात पुन्हा एक प्रकार, रबर वरून खाली काठापर्यंत साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर पण चढवलेलं असतं, टायर एकदम कोरा करकरीत दिसतो, वर मोल्डचे बारीक रबरी केस पण असतात. दिसायला हाच सगळ्यात भारी आणि मला सगळ्यात जास्त शंका याचीच येते, कारण साइडवॉलला पडलेल्या भेगा, जुनं कोरलेलं नाव, तारीख, सगळं नव्या रबराखाली झाकलं गेलं. युरोपात अशा टायरवर रिट्रेड असं कोरणं आणि ईसीई १०८ या रिट्रेड टायरच्या नियमाचा शिक्का असणं लागतं, म्हणून स्पेनच्या इन्सा टर्बोसारख्या कंपन्यांचे रिमोल्ड मड टायर तिकडं ऑफरोडवाले बिनघोर घेतात. आपल्याकडं कोपऱ्यावरच्या दुकानात तो भरवसा शिक्क्यावर नाही, स्वतःच्या डोळ्यावर ठेवावा लागतो.

आणि तिसरी एक चीज आहे, तिला रिमोल्ड म्हणूच नका. गोटा झालेल्या टायरला गरम पात्यानं फटी कोरून देतात आणि वर काळं पॉलिश मारतात. ओळखायचं सोपं, फटीची रुंदी एकसारखी नसते, कडेला कापल्याची खरखर लागते, आणि फटीच्या तळाशी बोटानं दाबलं तर खाली धागा नाहीतर तार जवळच आहे हे कळतं. हा फुकट दिला तरी घेऊ नका.

रिमोल्ड म्हणजे थुकपट्टीचा माल असंही नाही बरं का. आपली एसटी स्वतःच्या प्लांटमध्ये टायर रिट्रेड करते, विमानाचे टायर पण परत परत रिट्रेड होतात. तिथं केसिंग कुणाचं, किती चाललं, किती वेळा रबर चढलं, सगळी नोंद असते. बाजारात तयार मिळणाऱ्या रिमोल्डला ना आई ना बाप, ते कुठल्या गाडीचं उतरलं, किती ओव्हरलोड ऊस नाहीतर वाळू वाहिली, काही पत्ता नसतो. म्हणून माझं पहिलं मत हे, की जमत असेल तर स्वतःच्या गाडीचे उतरलेले टायर द्या आणि त्यांच्यावरच बटण चढवून घ्या. त्यासाठी टायर वेळेवर काढावा लागतो. नियमानं १.६ मिलिमीटर नक्षी शिल्लक पाहिजे, फटीतल्या छोट्या उंचवट्याएवढं रबर आलं की टायर संपला, पण रिमोल्डला द्यायचा असेल तर दोन-अडीच मिलिमीटर असतानाच उतरवा. तारा दिसेपर्यंत पळवलेलं केसिंग चांगला रिट्रेडवाला हातात पण घेत नाही, आणि जो घेतो त्याच्याकडं देऊ नये.

आता मड घ्यायचा का, हा प्रश्न. खरं सांगायचं तर अर्ध्या लोकांना तो लागतच नाही. तुमचा रस्ता मुरमाचा असेल, खडकाळ असेल, बालाघाटच्या डोंगरातला नाहीतर कन्नड-सोयगावकडचा दगडगोट्याचा, तर मोठ्या बटणाचं काही काम नाही, तिथं मध्यम नक्षीचा, ज्याला एटी म्हणतात तो, जास्त टिकतो आणि डांबरावर कमी त्रास देतो. मोठं बटण लागतं ते काळ्या मातीत. ही माती पाणी पिऊन फुगते आणि अशी चिकटते की साध्या टायरच्या फटी दहा फुटांत भरून जातात, वर गुळगुळीत गोळा होतो आणि पकड शून्य. मड टायरच्या फटी रुंद असतात, कडेला मोकळ्या सुटलेल्या असतात, त्यामुळं चाक थोडं जोरात फिरलं की चिखल बाहेर फेकला जातो. म्हणून नक्षी निवडताना नुसती खोली बघू नका, फट कडेपर्यंत उघडी आहे का ते बघा. काही मोल्डमध्ये बटणं मोठी असतात पण मधी रबराचे पूल सोडलेले असतात, ते दिसायला मजबूत, चिखलात मात्र तिथंच माती अडकून बसते.

रुंदीबद्दल पण लोकांचा एक गैरसमज, रुंद टायर म्हणजे चिखलात भारी. पांदीत खाली जुना मुरूम टाकलेला असेल तर अरुंद टायर वरचा राडा कापून खालच्या टणकावर जाऊन पकड धरतो, जुन्या जीपचे ६.०० - १६ उगंच इतकी वर्षं चालले नाहीत. पण रानातच घुसायचं असेल, जिथं चार-पाच फूट नुसती काळीच आहे, तिथं खाली टणक लागतच नाही, अरुंद टायर फक्त खोल जातो आणि गाडी पोटावर बसते. आणि हे ध्यानात ठेवा की दोन चाकांच्या ओढीची बोलेरो मड टायर लावल्यानं फोर बाय फोर होत नाही, ती फक्त थोडी उशिरा फसते.

साइजचं जास्त लांबवत नाही. कंपनीनं दिलेला साइज तोच घ्या. बोलेरोला २१५/७५ आर १५ असतो, लोक त्याच्या जागी २३५/७५ आर १५ टाकतात. हिशेब करा, पहिल्याची उंची सुमारे ७०३ मिलिमीटर, दुसऱ्याची ७३३. म्हणजे तीन सेंटिमीटर उंच, त्यातली निम्मीच गाडीखाली मिळते, दीड सेंटिमीटर. त्या बदल्यात मीटरवर ६० दिसताना गाडी साडेबासष्टनं पळते, पिकअप जड होतो, पूर्ण स्टिअरिंग कापलं की टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासायला लागतो, आणि रिमोल्डचं बटण कंपनीच्या टायरपेक्षा अजून थोडं उंच असतं ते वेगळंच. गाडीत केलेल्या बदलावरून आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्याला बोलायला जागा मिळते ती पण आहेच.

साइजच्या पुढं एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा वजनाचा, १०० असेल तर एका टायरवर ८०० किलो, १०४ असेल तर ९००. अक्षर स्पीडचं, क्यू म्हणजे १६०, एस म्हणजे १८०. वजनाचा आकडा बघाच, पिकअप गाडीला कारचं केसिंग देऊन मोकळं होणारे लोक आहेत. स्पीडचं अक्षर मात्र रिमोल्डवर विसरून जा, ते मूळ टायरला दिलेलं होतं, या नव्या रबराला नाही.

आता दुकानातलं काम, यालाच वेळ द्या. सकाळी उजेडात जा, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली टायर घेऊ नका. खिशात मोबाईलची बॅटरी, एक जुनं फडकं, एक स्क्रू ड्रायव्हर आणि शिंप्याची टेप.

सगळ्यात आधी तारीख शोधा. साइडवॉलवर डीओटीच्या पुढं लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एकाच बाजूला असतात, दोन्ही बाजू बघा. केसिंग पाच-सहा वर्षांच्या पुढं गेलेलं असेल तर मी घेत नाही, मग नक्षी कितीही खोल असो. काठापर्यंत रबर चढवलेल्या टायरवर ही तारीख सापडत नाही, आणि म्हणूनच तयार माल घेताना मी फक्त वरून रबर चढवलेला, मूळ साइडवॉल तशीच ठेवलेला टायर निवडा म्हणतो. दिसायला जुनाट दिसेल. दिसू दे. त्याच्यावर कंपनीचं नाव, आयएसआयचा मार्क, तारीख, सगळं वाचता येतं, आणि साइडवॉलला बारीक भेगा असतील तर त्या पण उघड दिसतात.

मग टायर उभा करा आणि आत बॅटरी मारा. मराठवाड्यातला दुकानदार इथं म्हणणारच, "मालक, आत काय बघायलात, एक नंबर माल हाय." बघू द्या म्हणायचं. आतल्या बाजूनं, खांद्याच्या (नक्षी संपून बाजू सुरू होते त्या कडेच्या) खाली, गोल फिरत गेलेला काळपट पट्टा किंवा सुरकुत्या दिसल्या तर तो टायर कधीतरी हवा नसताना पळवलेला आहे, आतले धागे मोडलेत, बाहेरून तो दहा वेळा रिमोल्ड केला तरी उपयोग नाही. फडकं आतून सगळीकडं फिरवा, कुठं अडकलं तर तार तुटून वर आलीय, बोट फिरवू नका, फाटतं. पंक्चरचे एक-दोन ठिगळ चालतात, पण साइडवॉलच्या आत मोठा गेटर (आतून लावलेलं जाड ठिगळ) मारलेला असेल तर सरळ बाजूला ठेवा. डिस्कवर (चाकाच्या लोखंडी रिमवर) बसणारा काठ बघा, पहारीनं टायर काढताना तिथलं रबर फाटतं आणि आतली तार उघडी पडते, त्यातून हवा जाते आणि गंज आत चढतो.

बाहेरून जोड तपासा. जुनं आणि नवं रबर जिथं मिळतं ती रेघ खांद्यावर दिसते, तिथं स्क्रू ड्रायव्हरचं टोक हलक्या हातानं दाबत पूर्ण गोल फिरा. कुठंही टोक आत शिरलं नाही पाहिजे, केसभर पण नाही. नंतर छोट्या हातोडीनं नाहीतर पान्यानं नक्षीवर ठोकत जा, आवाज सगळीकडं एकसारखा भरीव यायला पाहिजे, एखाद्या ठिकाणी डबडब वाजलं तर आत रबर सुटलंय, उद्या तिथंच फुगा येणार आणि परवा पट्टा उडणार. दुकानदाराला राग येतो याचा. येऊ द्या.

दुकानदार म्हणला की ट्यूबलेस आहे पण ट्यूब टाकून वापरा, तर विचारा का. बहुतेक वेळा उत्तर हेच असतं की आतला हवा धरणारा थर किंवा काठ गेलेला आहे. ट्यूबनं ते झाकलं जातं, पण ट्यूबलेसला खिळा लागला तर हवा हळूहळू जाते आणि ट्यूबवाला एकदम बसतो, तोही स्पीडमध्ये. जुन्या जीपच्या ट्यूबवाल्या टायरची गोष्ट वेगळी, तो बनलेलाच तसा असतो.

घेर मोजा. शिंप्याची टेप बटणांवरून फिरवून दोन्ही टायरचा घेर घ्या, पुरत नसेल तर सुतळी गुंडाळा आणि ती मोजा. २१५/७५ आर १५ ला सव्वादोन मीटरच्या आसपास येईल, एका एक्सलवरच्या दोन टायरमध्ये दोन सेंटिमीटरच्या वर फरक नको. एका एक्सलला एक रेडियल एक नायलॉन, असे दोन वेगळ्या बांधणीचे टायर तर अजिबातच नकोत. थार-जिप्सीसारखी फोर बाय फोर असेल तर चारही टायर एकाच मोल्डचे, एकाच घेराचे पाहिजेत, दोन पुढं नवे दोन मागं रिमोल्ड हा जुगाड तिथं चालत नाही, कारण फोर व्हील टाकलं की पुढचा-मागचा एक्सल एकमेकांना बांधले जातात आणि घेरातला फरक सगळा ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढं-मागं ओढ वाटणाऱ्या गिअरपेटीवर येतो. तिथं खर्च निघाला तर टायरमध्ये वाचवलेले पैसे कुठंच पुरत नाहीत.

बसवल्यावर जॅकवर चाक फिरवून बघा, वर-खाली उड्या मारतंय का. बॅलन्सिंग मशीनवर चढवा, रिमोल्डला थोडं जास्त वजन लागतं हे मान्य, पण शंभर ग्रॅमच्या वर शिसं चिकटवायला लागलं तर टायर बदलून मागा. आणि हे सगळं बिल करायच्या आधी ठरवून घ्या, क्लेम किती दिवसांचा, बिलावर टायरचा नंबर लिहिणार का. तोंडी गॅरंटी पहिल्या पावसात वाहून जाते.

साध्या बोलेरोला दोन रिमोल्ड घ्यायचे तर पुढं का मागं, यावर पारावर भांडणं होतात. ओढ मागच्या चाकाला आहे, चिखलात काम मागचंच, म्हणून रिमोल्ड मागं. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातातून जातं, म्हणून पुढं चांगले कंपनीचेच. इथंपर्यंत मी सगळ्यांच्या बाजूनं. पण याची एक किंमत आहे जी कुणी सांगत नाही. ओल्या डांबरावर मोठ्या बटणाची पकड साध्या टायरपेक्षा कमी असते, कारण रस्त्याला टेकणारं रबरच कमी, म्हणजे तुमची गाडी आता पुढून धरते आणि मागून सुटते. पहिल्या पावसात रस्त्यावर धूळ आणि ऑइलचा थर असतो, वळणावर ब्रेक दाबला की मागची बाजू फिरायला बघते. पाऊस चालू असताना वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक नको, आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर. आवाजाचं म्हणाल तर पन्नास-साठच्या पुढं घूंऽऽ सुरू होतो आणि मायलेज थोडं पडतं, ते गृहीतच धरायचं.

वेगाबद्दल मी कडक आहे. मड रिमोल्डवर ८० च्या वर जाऊ नका. जाड बटण प्रत्येक फेऱ्याला दबतं आणि सुटतं, त्यात उष्णता तयार होते, आणि जोडाला सगळ्यात मोठा दुश्मन उष्णताच. वर आमचा मे महिना, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, गाडीत दहा माणसं, हवा कमी, या सगळ्याची बेरीज झाली की रबर सुटतं. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे म्हणून जालन्याहून चढून तिकडं असे टायर घेऊन पळू नका, दोन-तीन तास सलग काँक्रीटवर एकाच वेगानं जाणं हेच यांना सोसत नाही. लांबचा प्रवास असेल तर जुने साधे टायर वेगळ्या डिस्कवर चढवून घरी ठेवा आणि जाताना बदला. जुन्या डिस्क भंगारवाल्याकडं मिळतात, हा खर्च करण्यासारखा आहे.

हवा डांबरावर कंपनीनं सांगितली तेवढीच, ती पण टायर थंड असताना भरायची. पांदीत शिरायच्या आधी १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि गाडी तरंगल्यासारखी जाते, पण रिमोल्डला त्याच्या खाली नेऊ नका, साइडवॉल जास्त दुमडली की जोडाला ताण बसतो, आणि ट्यूबवाला असेल तर टायर डिस्कवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. डांबर लागलं की आधी हवा भरायची मग पळायचं, त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर गाडीत पाहिजेच. चिखलात फसलात तर उगं रेस देत बसू नका, एका जागी फिरणारं चाक काळ्या मातीत खड्डा करतं आणि टायर तापतो, थोडं मागं थोडं पुढं करून वाट मोकळी करा.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर ५०-६० नंच चालवा. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून चारही टायरना हात लावून बघा, एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला लागला तर त्याची हवा तपासा, हवा बरोबर असून पण तोच तापत असेल तर क्लेमच्या मुदतीत परत न्या. शंभर किलोमीटरला नट परत आवळा. शेतातून आल्यावर टायर धुवा, निस्तं शोसाठी नाही, वाळलेली काळी माती डिस्कच्या आत धरून बसली की दुसऱ्या दिवशी डांबरावर स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंगला पैसे घालत बसतात. धुताना खांद्यावरच्या त्या जोडाच्या रेघेवरून एकदा अंगठा फिरवायचा. आणि स्टेपनीला रिमोल्ड ठेवू नका, तिथं चांगला कंपनीचा टायर ठेवा, घेर मागच्या रिमोल्डच्या जितका जवळ तितका बरा, आणि तो लावून पंक्चरवाल्यापर्यंतच जायचं.